समुद्रदेवाचं नाणं

फार पूर्वी रोमहून कोकणाकडे परतणाऱ्या एका गलबतात ब्राँझच्या नाण्यांची पोती होती. एका नाण्यावर त्रिशूळधारी समुद्रदेव होता. पोत्याच्या भोकातून डोकावून ते शेजारच्या लाकडी भांड्याला रोज ऐकवायचं, "तू पाणी उपसणारं भांडं. समुद्र माझा आहे, गलबत माझ्यामुळे तरतंय."

"असेल बाबा," भांडं म्हणायचं.

किनारा दोन दिवसांवर असताना वादळ उठलं. गलबत एका अंगाला कललं, आत गुडघाभर पाणी शिरलं.

"घाबरू नका, मी आहे ना!" नाणं ओरडलं.

"जड असेल ते सगळं फेका रे!" गलबत हाकणारा पोशा तांडेल त्याहून मोठ्यानं ओरडला. खलाशांनी एकेक पोतं समुद्रात लोटलं. शेवटी या नाण्याच्या पोत्याला हात लागला, तेव्हा नाण्याचा विश्वासच बसेना.

"अरे, मला? मी तुमचा देव आहे!"

तोवर पोतं कठड्याबाहेर गेलंही होतं. पाण्यात शिरता शिरता नाण्याला दिसलं, हलकं झालेलं गलबत लाटेवर वर आलं होतं. पोशा त्याच लाकडी भांड्यानं भराभर पाणी उपसत होता आणि कळवळून हाका मारत होता, "दर्यादेवा, सांभाळ रे!"