धामणदऱ्यातला समुद्र

वेळ सकाळी अकराची. दिवस खंडेनवमीचा. ठिकाण धामणदऱ्याची एकखोली शाळा. टेबलावर सरकारी रेडिओ ठेवला होता आणि त्याची पूजा चालू होती.

ही गोष्ट गावात वीज यायच्या कितीतरी आधीची. मुलांनी धडे ऐकावेत म्हणून सरकारने शाळांना रेडिओ वाटले होते. धामणदऱ्यात आलेला रेडिओ थेट कपाटात गेला. वर्षातून एकदा, अवजारं पुजायच्या दिवशी, तो बाहेर यायचा. त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, नारळाचं पाणी शिंपडलं जायचं आणि पुन्हा कुलूप. त्याचा कान, म्हणजे चालू करायचं बटण, मात्र कुणी पिळला नाही. तपासणीला येणारे साहेब कपाटातली फुलं पाहून खूश व्हायचे. हा बोलतो का, असं एकानेही विचारलं नाही.

त्या शाळेत अनसूया ढोकणे नावाच्या बाई होत्या. त्या आठवड्यात त्यांनी समुद्राचा धडा घेतला होता. लोहाराच्या तुळसाने विचारलं, "बाई, समुद्राचा आवाज कसा असतो?" बाईंनी तोंडाने करून दाखवला. तुळसा म्हणाली, "हा तर आमचा भाता!" वर्ग हसला, बाईही हसल्या. पण ते त्यांना लागलं. त्यांनीही समुद्र कधी ऐकला नव्हता. आणि भिंतीवर टांगलेल्या, रेडिओवरच्या धड्यांच्या वेळापत्रकात खंडेनवमीच्या दुपारचा पाठ समुद्राचाच होता.

आरती संपली. हेडगुरुजी रेडिओ उचलायला वळले, तर बाई कपाटापुढे उभ्या.

"बाई, बाजूला व्हा. हात लावायचा नाही, वरून आदेश आहे. बिघडला तर नोकरी जाईल तुमची."

"गुरुजी, दरवर्षी त्याला नारळाचं पाणी पाजताय. आता आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

बाई कपाटापुढून हलल्या नाहीत. खरं तर घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

"बाई, तुम्हाला येतो का लावता?" तुळसाने विचारलं.

"नाही गं. म्हणून तर सगळे जवळ बसा." बाई खुर्ची सोडून पोरांमध्ये जमिनीवर बसल्या. गुरुजींना रेडिओपेक्षा याचाच धक्का जास्त बसला.

मग तुळसाने कडुनिंबाच्या काडीने रेडिओच्या जाळीतलं कुंकू कोरून काढलं. सेल थंड पडले होते, पोरांनी ते उन्हात तापवले. आवाज पकडायची रेडिओची तार चिंचेच्या शेंड्याला बांधली. दुपार कलली आणि बाईंनी कान पिळला. आधी नुसती खरखर आली. दारात जाऊन उभे राहिलेले गुरुजी म्हणाले, "संपलं!" आणि त्याच क्षणी समुद्र आला.

असं म्हणतात की चिंचेवरचे पोपट गप्प झाले. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी लुगडी वर खोचली. पोरांच्या ओठांना खारट चव लागली आणि शाळेची जमीन ओली झाली. असंही म्हणतात की तेच सेल पुढे कित्येक वर्षं संपले नाहीत. एवढं मात्र खरं, की गुरुजी दारातून आत आले आणि हळूच पोरांच्या मागे मांडी घालून बसले. बाईंच्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आज त्या शाळेच्या कपाटाला दार नाही. नवं यंत्र आलं, मग तो टीव्ही असो की संगणक, ते त्याच दिवशी चटईवर उतरतं. नवे गुरुजी किंवा बाई पहिल्या दिवशी जमिनीवर बसून मुलांना सांगतात, "मला हे येत नाही, जवळ बसा." याला गावात 'बाईंची बैठक' म्हणतात. खंडेनवमीला पूजा अजूनही होते, पण यंत्र चालू करून.

तालुक्यातल्या बाकी शाळांचे रेडिओ मात्र कपाटातच गंजले. तिथेही सगळे हेच सांगत होते, वरून आदेश आहे. तो आदेश कुणी काढला होता, हे आजपर्यंत एकानेही सांगितलेलं नाही.