दांडी, पेडल आणि दोरा

मिस्त्रींना गाडीचं बोलणं कळायचं, त्या काळची ही गोष्ट. कोल्हापूरच्या इलाही मिस्त्रींनी एका म्हाताऱ्या मोटारीला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला. पण क्लच कितीही दाबला, तरी गिअर टाकताना खर्रर्र!

क्लचचं पेडल आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या लोखंडी दांडीवर दोघंही घसरले.

"मी पार तळापर्यंत जातंय," पेडल म्हणालं. "ही दांडीच वाकडी!"

"माझ्यापर्यंत तर हिचा जोर अर्धाच पोचतोय," गिअरबॉक्सनं री ओढली.

"चाळीस वर्षं मी सुतासारखी सरळ आहे!" दांडी फणकारली. "हा पाव्हणाच तिरका बसलाय."

मिस्त्रींनी दांडी ठोकून सरळ करायला हातोडा उचलला. पण मिस्त्री थबकले. हातोडा ठेवून त्यांनी खिशातून दोरा काढला आणि पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत ताणून बांधला.

दोरा सरळ गेला. तेव्हा कुठे दिसलं, की दांडीला मध्ये धरणारा टेकू अजून जुन्याच गिअरबॉक्सच्या जागेनुसार उभा होता आणि तिला बोटभर बाजूला ओढत होता. त्याचं नावही भांडणात कुणी घेतलं नव्हतं.

मिस्त्रींनी टेकू बोटभर सरकवला. क्लच दाबला. गिअर अलगद पडला.

दांडीनं हळूच विचारलं, "दोरेभाऊ, आम्हाला दिसलं नाही ते तुम्हाला कसं हो दिसलं?"

"मला पेडल आणि गिअरबॉक्स दोघांनाही बांधलं होतं ना, बाई," दोरा हसला. "एकालाच बांधलं असतं, तर मीही नुसता लोंबकळलो असतो."