गप्प राहिलेले जाते

व्हेसुव्हियस पर्वताला लोक नुसता द्राक्षांचा डोंगर समजत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. पायथ्याच्या गावात रुफुस नावाचा पाववाला होता. त्याचे मोठे जाते त्याच डोंगराच्या काळ्या दगडाचे होते, आणि डोळ्यांवर फडके बांधलेले एक म्हातारे गाढव ते दिवसभर फिरवी. जात्याचे बोलणे फक्त त्या गाढवालाच कळे.

एके सकाळी जमीन थरथरली. आपण याच डोंगराच्या पोटातून आग होऊन वाहत आलो, हे जाते विसरले नव्हते. ते घाबरून म्हणाले, "गाढवदादा, डोंगर पुन्हा उकळतोय. थांब, म्हणजे मालकाला कळेल."

गाढव थांबले. "इथली जमीन नेहमीच हलते. तेवढ्यावरून कामचुकारपणा?" असे ओरडत रुफुसने काठीने त्याची पाठ सोलून काढली. जात्याच्या जिवाला ते फार लागले.

चार दिवसांनी गावातल्या विहिरी आटल्या. डोंगर फुटण्याचीच ही खूण, हे जात्याने ओळखले.

"आज पुन्हा काही जाणवतंय का?" गाढवाने विचारले. "थांबू का मी?"

त्याच्या पाठीवरची जखम अजून ओली होती.

"नको रे दादा," जाते म्हणाले. "तू आपलं चालत राहा."

दुपारी डोंगर फुटला. राखेखाली पाव, पाववाला, गाढव, सगळे गाडले गेले.

शेकडो वर्षांनी लोकांनी राख उपसली, तेव्हा जाते जसेच्या तसे निघाले. त्याच्याभोवती गाढवाची हाडे होती.

आता डोंगरावर पुन्हा द्राक्षे लागतात, खाली गावे गजबजली आहेत. अधूनमधून जमीन थरथरते. तेव्हा जाते जिवाच्या आकांताने ओरडते, पण ऐकणारे गाढव आता उरलेले नाही.