जादूगाराला न मिळालेला नमस्कार

एका राज्यात पोर पाऊल टाकायला शिके, त्याआधी नमस्कार करायला शिके. सकाळचा नमस्कार वेगळा, उन्हाचा वेगळा. विणकराला वेगळा, शिकाऱ्याला वेगळा, पोर झालेल्या आईला तर सर्वांहून वेगळा. तिथली राजकन्या मोरेनिके समुद्रापलीकडे शिकून परतत होती. तिला वाटलं होतं, वेशीवर ढोल बोलतील, पुरुष लोटांगण घालतील, बाया गुडघे टेकतील, आणि ती एकेकाला उठवून सांगेल, "पुरे आता वाकणं! आपण सारे समान!"

ती वेशीत शिरली तेव्हा बाजार गच्च भरलेला होता, आणि एकही माणूस हलत नव्हता. कंद विकणारी हात पुढे केलेली, लाकडाची. भांडणारे दोघे तोंडं उघडी, लाकडाचे. राजवाड्यात तिचा बाप मण्यांच्या मुकुटासकट लाकडाचा. मोरेनिकेने त्याच्या गालाला हात लावला. न तासलेल्या फळीसारखा खरखरीत लागला.

"आलीस? उशिरा यायला शाळेत शिकवतात वाटतं," मुकुटामागून लाल शेपटीचा राखी पोपट बोलला.

"हे कोणी केलं?"

"रानातल्या आदिगुन जादूगाराने. आणि थोडं तू."

"मी?"

"तिकडे सगळ्यांना नुसती मान हलवली की झालं, हा निरोप माझ्याबरोबर बापाला कोणी धाडला? बापाला लेकीचं कोण कौतुक! तोही तसंच करू लागला. मग आदिगुन दारात आला. त्याचा एकुलता मुलगा गेला होता. राजाने हसून मान हलवली. आदिगुन म्हणाला, 'ज्याला माझं दुःख दिसलं नाही, त्याच्या राज्यात कोणी कोणाला दिसू नये.' आणि सारी माणसं लाकडाची झाली."

मोरेनिके पोपटाकडे वळली.

"उपाय सांग."

"तिघांना ज्याचा त्याचा नमस्कार कर. रंगारीण, बाळंतीण आणि आदिगुन. सूर्य बुडायच्या आत. चुकलीस तर तूही लाकूड. मला बसायला आणखी एक फांदी!"

निळीच्या रांजणाशी म्हातारी रंगारीण वाकलेली होती, लाकडाची. लहानपणी ऐकलेलं मोरेनिकेला आठवलं. गुडघे टेकून ती म्हणाली, "तुमची नीळ गडद उतरो!"

रांजणात फेस आला. "उतरेल गं, लेकी," म्हातारी म्हणाली, आणि काही घडलंच नव्हतं अशी कापड पिळू लागली.

पुढे उंबऱ्यात बाळंतीण उभी होती, कुशीतल्या बाळासकट लाकडाची. "किती आनंदाची..." मोरेनिके बोलू लागली, तोच तिच्या पायाची बोटं लाकूड झाली. दचकून तिने वर पाहिलं. बाईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हताच. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचा थकवा कोरलेला होता.

"ए कु एवु ओमो," ती घाईने म्हणाली. "संकटातून पार पडलात, आई. तुम्हाला नमस्कार."

बाळ रडलं. बोटं हलली.

रानात आदिगुन झोपडीपुढे बसला होता. मांडीवर मुलाची लहानशी धनुकली होती. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

"मान हलवायला आलीस?"

बापासाठी न्याय मागायला तिने वाटभर शब्द जुळवले होते. ते तिने गिळले. जोडे काढले, गुडघे टेकले, कपाळ मातीला लावलं.

"ए कु आमुमोरा, बाबा. जे सोसवत नाही, ते सोसताय. तुम्हाला नमस्कार. मुलाचं नाव काय होतं?"

जादूगाराने धनुकलीवरून बोट फिरवलं.

"दुरोजाये," तो अखेर म्हणाला. "म्हणजे, राहा बाळा, जग बघ. त्याने ऐकलं नाही."

आणि तो हुंदके देऊन रडला. तेव्हा दूर नगरात ढोल बोलू लागले, बाजारातलं अर्धवट भांडण पुढे सुरू झालं, आणि राजा सिंहासनावरून उठून लेकीचं नाव घेत धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रजा राजवाड्यापुढे जमली. रंगारीण गुडघे टेकायला वाकणार, तोच मोरेनिके अनवाणी पायऱ्या उतरून आली.

"थांबा, आजी. तुमच्यापुढे मी लहान आहे. लहानाने आधी वाकायचं, ही आपलीच रीत. राजकन्येला ती माफ होती, आजपासून नाही. रोज सकाळी मी या दारात उभी राहीन, आणि कोण कुठून, काय सोसून आलं ते विचारूनच नमस्कार करीन."

"गुडघे झिजतील!" पोपट ओरडला.

"झिजू देत," ती म्हणाली, आणि ओल्या मातीत तिने गुडघे टेकले. रांगेच्या टोकाला, धनुकली हातात घेऊन, आदिगुन उभा होता.