केतकीच्या खांद्यावरचं ठिगळ

खूप वर्षांपूर्वी, म्हणजे कम्प्युटर सुरू होईपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा ना, तेव्हाची गोष्ट. एका एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट राहायची. व्हिडिओतल्या एका माणसाच्या मागे मागे जायचं आणि त्याच्या डोक्यावर नावाची पाटी धरायची, एवढंच तिचं काम. पण त्या दिवशी खो-खोचा सामना आला आणि बिचारीची पार दाणादाण उडाली!

पाटी होती केतकी नावाच्या खेळाडूची. तिचा निळा टीशर्ट मस्त चमकत होता, म्हणून चौकटीने तोच पकडला. पण तसल्याच निळ्या टीशर्टातली दुसरी खेळाडू बाजूने धावली, की चौकट निघाली तिच्यामागे! केतकीचं नाव भलतीच्याच डोक्यावर.

"अगं बये, तिसऱ्यांदा घसरलीस!" शेजारची, व्हिडिओ कापणारी कातर खिदळली. "आता चुकलीस ना, तर तुला डिलीटच करतील."

चौकट रडकुंडीला आली. तेवढ्यात धावताना केतकीची वेणी उडाली आणि तिच्या खांद्यावरून हळूच आवाज आला, "ताई, मला धरून बघतेस का?" ते एक पिवळं ठिगळ होतं, वेडंवाकडं शिवलेलं. "निळं तर सगळ्यांकडेच आहे गं. माझ्यासारखं इथे दुसरं कोणीच नाही."

चौकटीने ठिगळ घट्ट धरलं. केतकी वाकली, वळली, हुलकावणी देऊन सुसाट सुटली, तरी पाटी शेवटपर्यंत तिच्याच डोक्यावर.

"तू होतंस म्हणून वाचले रे," चौकट म्हणाली.

"अगं, आभार तर मी मानायला हवेत," ठिगळ लाजत म्हणालं. "केतकी मला रोज वेणीखाली लपवते. इतका वेळ टक लावून माझ्याकडे आजवर कोणी बघितलंच नव्हतं."