आतला पीस

इअरफोनच्या कंपनीत नुकतीच लागलेली हेमांगी कुणी दार जोरात लोटलं तरी दचकायची. आज तर तिची नोकरीच पणाला लागली होती. दुकानांतल्या डब्या उघडून नवे इअरफोन काढायचे आणि जुने आत सरकवायचे, असे प्रकार वाढले होते. त्यावर तिने आखलेली निळ्या पट्टीची डबी मालक सरपोतदार साहेबांच्या हातात होती. शेजारी दुकानदार पोपटशेठ बसले होते.

साहेबांनी कटरचं पातं पट्टीखाली घातलं. खर्रकन आवाज झाला आणि हेमांगी दचकली.

"ही तुमची सुरक्षित डबी? चुटकीसरशी उघडली! मॅडम, उद्यापासून येऊ नका."

तिने चाचरत विचारलं, "उघडलीत, साहेब. आता... आता बंद करून दाखवाल?"

"त्यात काय!" साहेबांनी गोंद मागवला, पट्टी चिकटवली, अंगठ्याने दाबून दाबून बसवली. पण उचकटताना पट्टीचा निळा रंग सोलून निघाला होता आणि खालचा पांढरा पुठ्ठा काही केल्या झाकला जाईना. शेवटी घाम पुसत त्यांनी डबी पोपटशेठांपुढे सरकवली. "घ्या, नवीकोरी!"

पोपटशेठांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि गिऱ्हाइकं रोज त्यांना म्हणतात तेच म्हणाले, "ही नको साहेब, आतला पीस द्या."

हेमांगीने डोळे गच्च मिटले.

"हीच डबी छापायला टाका!" साहेब खेकसले, आणि ती पुन्हा दचकली.