आमेन म्हणण्याआधी

एकदा एका शनिवारी सकाळपासून आभाळ नुसतं भरून राहिलं होतं. पाऊस पडेना आणि ऊनही पडेना. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले, शेतात कापूस फुटलेला, आणि हवेत अशी ओल की अंगातला सदरासुद्धा कोरडा वाटू नये. पाऊस आलाच तर कापूस काळा पडेल, म्हणून लोक अर्धीमुर्धी फुटलेली बोंडं तोडून घरात आणून टाकत होते. अशा हवेत नदीकाठच्या एका गावात एस.टी. थांबली आणि तिच्यातून एक तरुण उतरला.

त्याचं नाव अमोस पारखे. बायबल शाळेचं शिक्षण संपवून तो वर्षभरासाठी तालुक्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, शिकाऊ सेवक म्हणून आला होता. शनिवारी खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांना भेटी द्यायच्या, मुक्कामाला तालुक्याला परतायचं आणि रविवारी उपासनेत मदत करायची, असा त्याचा क्रम. त्याला शिकवायला मंडळीचे एक वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, होते, दौलतबाबा. हे जन्मभर गवंडीकाम केलेले गृहस्थ. अक्षरओळख पोटापुरती, पण पंचक्रोशीतल्या कुठल्या घरात काय दुखतं हे त्यांना ठाऊक. त्या शनिवारी बाबांचा गुडघा सुजला होता, म्हणून अमोस पहिल्यांदाच एकटा निघाला होता. खरं सांगायचं तर एकटं जायला मिळालं याचा त्याला आनंदच झाला होता.

गावातल्या तिसऱ्या घरात शेवंताबाई राहत. नवरा ट्रकवर, महिन्यातून एकदा घरी येणारा. पदरात एकच मुलगी, नऊ वर्षांची रिबका. रिबकाला चार दिवस ताप होता. बाजेवर ती डोळे मिटून पडली होती, आणि दारात शेजारच्या गयाबाईच्या मुलाची जीप उभी होती.

"बरं झालं आलात," शेवंताबाई म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायलाच निघाले होते. तेवढी प्रार्थना करा, मग निघते."

अमोसने गुडघे टेकले. मुलीच्या कपाळावर हात ठेवला. त्याने मनापासून प्रार्थना केली, इतकी की त्याचा स्वतःचा आवाज भरून आला. आणि खरोखरच थोड्या वेळाने रिबकाच्या कपाळावर घाम आला. अंग निवलं. तिने डोळे उघडून पाणी मागितलं.

शेवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अमोसला जमिनीवर पाय ठरेना. तो म्हणाला, "ताई, काम झालंय. आता मनात शंका धरू नका. शंका आली की प्रार्थना अडते."

शेवंताबाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा जीपकडे.

"आज राहू दे गं गया," त्या म्हणाल्या. "उतरलाय ताप."

"अगं, गाडी दारात आलीये, तर दाखवून आण की," गयाबाई म्हणाल्या. "देव काय दवाखान्यात येत न्हाई व्हय?"

"राहू दे," शेवंताबाई म्हणाल्या.

जीप परत गेली.

रविवारी सकाळी दहा वाजता तालुक्याच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, अमोस साक्ष द्यायला उभा राहिला. साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. त्याने रिबकाचं नाव घेतलं, तिने पाणी कसं मागितलं ते सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळी मंडळी मोठ्याने "आमेन" म्हणाली.

त्या वेळी रिबका तालुक्यातच, मंदिरापासून दोन गल्ल्या पलीकडे, दवाखान्याच्या खाटेवर होती. पहाटे ताप पुन्हा चढला, पोरगी बरळायला लागली, आणि शेवंताबाईंनी गयाबाईचं दार वाजवलं. अमोसला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवारी दुपारी फोन आला, तेव्हा सगळं संपलं होतं.

दफनविधीला तालुक्याहून आणि आजूबाजूहून चार पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. चौघांनी बायबलमधली वचनं वाचली, चौघांनी प्रार्थना केली. अमोस पार मागे, बाभळीखाली उभा होता. शेवंताबाईंची आणि त्याची नजरानजर झाली नाही. की त्यानेच होऊ दिली नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या शनिवारी दौलतबाबा काठी घेऊन त्याच्या खोलीशी आले.

"चल. शेवंताकडं जायचंय."

"बाबा, मी नको. तुम्ही जा. मला बघून त्यांना..."

"गाडी पावणेनऊची आहे," बाबा म्हणाले.

शेवंताबाईंचा नवरा दफनानंतर पुन्हा ट्रकवर गेला होता. घरात शिरताना बाबांनी ख्रिस्ती रीतीप्रमाणे "सलाम, बाई" म्हटलं. शेवंताबाईंनीही "सलाम" म्हटलं, आणि त्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. घरात एका कोपऱ्यात बोंडांचा ढीग पडला होता. घाईने तोडून आणलेला, आणि मग तसाच राहिलेला. बाबा त्या ढिगाशी मांडी घालून बसले आणि एकेक बोंड फोडून कापूस काढू लागले. अमोसही बसला. बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटांना टोचत होत्या. दोन तास गेले. कोणी काही बोललं नाही. मग बाबा काठीवर भार देऊन उठले.

"येतो, बाई."

अमोस चकित झाला. आपल्या लोकांत कुठल्याही घरून उठताना प्रार्थना होतेच. साधा चहा प्यायला गेलं तरी होते. आणि हे तर दुःखाचं घर. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "बाबा, प्रार्थना राहिली."

"हो, राहिली," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

तिसऱ्या शनिवारी तसंच झालं. या वेळी बाबा उठायला लागले तेव्हा अमोसला राहवेना. तो म्हणाला, "आपण डोळे मिटू या का?" शेवंताबाईंनी सवयीने पदर डोक्यावर घेतला. तोच बाबांनी अमोसच्या मनगटावर हात ठेवला. गवंड्याचा हात तो, म्हाताऱ्याचा असला तरी घट्ट होता.

"आज नको," बाबा म्हणाले. "येतो, बाई."

बाहेर गयाबाई गोठा झाडत होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला. "आले न् निघाले शनिवारवाले! पोरगी जित्ती होती तवा एवढं मोठ्यानं बोलला की माझ्या गोठ्यापर्यंत ऐकू आलं. आता दातखीळ बसली का रं?"

अमोसची मान खाली गेली. बाबांनी हात जोडले. "खरं बोललीस, माय," एवढंच ते म्हणाले.

ही गोष्ट तालुक्यात पोचायला वेळ लागला नाही. दुःखाच्या घरातून प्रार्थना न करता उठले, एवढंच नव्हे तर करणाऱ्याला अडवलं, म्हणून मंडळीत कुजबूज झाली. पाळकसाहेबांनीही विचारलं. बाबा म्हणाले, "होईल प्रार्थना, साहेब." अमोसला वाटलं, म्हातारा आता थकला. त्या आठवड्यात त्याने बायबल शाळेला पत्र लिहिलं की मला हे काम जमणार नाही, मी घरी जातो. पत्र खिशात होतं. टाकायचं राहिलं होतं.

चौथ्या शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. कापसाचा ढीग निम्म्यावर आला होता. तासभर झाला असेल. बाबा आणि अमोस खाली मान घालून बोंडं फोडत होते. आणि शेवंताबाई भिंतीपासून हलल्या, ढिगाशी येऊन बसल्या, आणि त्यांनीही एक बोंड हातात घेतलं. ते फोडलं नाही. नुसतं हातात धरलं.

"मी शंका घेतली होती," त्या म्हणाल्या.

अमोसचे हात थांबले.

"तुम्ही सांगितलं होतं, शंका धरू नका. मी रात्रभर धरली नाही. पहाटे तिचं अंग असं भाजायला लागलं, आणि माझ्या मनात आलं, ही जाणार. आलं मनात. मी गयाचं दार वाजवलं. तिथंच प्रार्थना अडली ना? मी थोडा दम धरला असता, तर..." त्या अमोसकडे बघत होत्या. आरोप करावा तसं नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं तसं. "खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

अमोसने बाबांकडे पाहिलं. बाबा मान वर करीनात. त्यांच्या बोटांत अर्धं फुटलेलं बोंड होतं, आणि ते त्या बोंडाकडेच पाहत होते.

तेव्हा त्या तरुणाला कळलं की ही बाई वीस दिवस हे पोटात घेऊन भिंतीला टेकून बसली होती, आणि ते तिच्या पोटात त्यानेच घातलं होतं. त्याच्याजवळ पाठ केलेली पुष्कळ वचनं होती. त्यातलं एकही त्याच्या तोंडी येईना.

"नाही, ताई," तो म्हणाला. "शंका घेतलीत ते बरोबर केलंत. माझं चुकलं. जीप दारात होती. तुम्ही निघाला होता. मी बोललो नसतो तर रिबका शनिवारीच दवाखान्यात पोचली असती. मला देवाने तसं काही सांगितलं नव्हतं. ताप उतरला, मला आनंद झाला, आणि मी बोलून गेलो."

शेवंताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"शनिवारी नेली असती तर वाचली असती?"

"मला ठाऊक नाही, ताई. वाचली असती कदाचित."

बोंड त्यांच्या हातातून पडलं. आधी आवाजच आला नाही. तोंड उघडं आणि आवाज नाही. मग जो आला तो असा, की गयाबाई हातातला खराटा टाकून धावत आल्या. शेवंताबाई अमोसच्या खांद्यावर मुठी मारत होत्या आणि म्हणत होत्या, "माझी पोर! माझी रिबका!" तो हलला नाही. गयाबाईंनी त्यांना ओढून कुशीत घेतलं आणि मानेने खूण केली, जा बाहेर.

दोघे बाहेर येऊन गोठ्याच्या भिंतीशी बसले. आतून रडणं येत होतं. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे ठाऊक होतं का?"

"काहीतरी अडकलंय एवढं दिसत होतं. काय ते ठाऊक नव्हतं," बाबा म्हणाले. मग ते सावकाश बोलू लागले. "आपली एक रीत आहे बघ. कुणाच्या घरी गेलो की उठताना प्रार्थना करायची, आणि आमेन झालं की चपला घालायच्या. रीत चांगली आहे. माझ्या बापानं मला शिकवली. पण आमेन झालं की घरच्या माणसाचं बोलणं संपतं. मग त्याच्या मनात काही असलं तरी ते बाहेर येत नाही. चांगलं दिसत नाही ना. मातीच्या दिवशी चौघांनी चार प्रार्थना केल्या. शेवंता चारदा आमेन म्हणाली. त्यातल्या एकानेही तिला विचारलं नाही की बाई, तुझं काय म्हणणं आहे. आपण केली असती तर पाचव्यांदा आमेन म्हणाली असती, आणि जन्मभर स्वतःला पोरीची मारेकरीण समजून जगली असती."

"आणि मी?" अमोस म्हणाला. "मी जे केलं त्याचं काय?"

बाबांनी दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"तुला एकट्याला मी धाडलं होतं. त्यामुळं त्यात माझाही वाटा आहे. तुला क्षमा आहे, असं मी आत्ता म्हणू शकतो. वचनही दाखवू शकतो. पण एवढ्या घाईनं तुझ्यावर आमेन म्हणणार नाही, पोरा. तू आज जे आत बोललास, ते अजून तुझं तुला पुरतं ऐकू आलेलं नाही. ते ऐक. मी बसलोय इथं."

अमोसने गुडघ्यांत डोकं घातलं. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच रडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले. खिशातल्या पत्राची त्याला आठवण झाली, आणि असंही वाटलं की घरी गेलं तरी हे ओझं मागे राहायचं नाही, बरोबरच येणार. मग जिथे घडलं तिथेच ते वाहिलेलं बरं.

ऊन कलायला लागलं. आतला आवाज बसत बसत नुसते हुंदके राहिले, मग तेही थांबले. एस.टी.ची वेळ झाली म्हणून बाबा काठी शोधू लागले. तेवढ्यात गयाबाई बाहेर आल्या. त्यांच्या पदराचा पुढचा भाग भिजला होता. त्या बाबांशी बोलल्या नाहीत. अमोससमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्याने उठायला गडबड केली तसं हातानेच त्याला खाली बसवलं.

"आज जेवली ती," गयाबाई म्हणाल्या. "अर्धी भाकर, पण जेवली. तुझ्यावरचा राग जाईल का न्हाई, मला ठावं न्हाई. मी तिच्या जागी असते तर गेला नसता. पण निजता निजता म्हणाली, त्या पोराला सांग, पुढच्या शनिवारी येताना जेवून येऊ नको म्हणावं."